देहाची अनुकृती ते नोंदीची अनुकृती

रुग्णसुरक्षेच्या हेतूने वैद्यकीय व्यावसायिकांना अनुकृतीच्या द्वारे शिक्षण देण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आली, असे सामान्यतः मानले जाते. या मतात तथ्य असले तरी ते इतिहासाचा अर्धाच भाग सांगते. ज्या अनुकृतीचा हा इतिहास आहे ती बहुतांशी मानवी देहाची अनुकृती होय. विद्यार्थ्याचा हात, डोळा व प्रसंगावधान यांची परीक्षा खऱ्या देहाऐवजी कृत्रिम देहावर व्हावी, हा तिचा हेतू होता. परंतु रुग्णालयात संगणकाचा प्रवेश झाल्यानंतर रुग्णाला एक दुसरेच रूप प्राप्त झाले. त्याच्या नाडीचे ठोके, रक्तातील साखर, औषधांच्या मात्रा, परिचारिकांचे अभिप्राय हे सर्व पडद्यावरील नोंदींत साठू लागले. आणि वैद्याचा पुष्कळसा निर्णय रुग्णशय्येपाशी न होता या नोंदींपुढे होऊ लागला. या दुसऱ्या रूपाची अनुकृती करून शिक्षण द्यावे, ही कल्पना मात्र फार विलंबाने आली. तो विलंब का झाला, आणि ती कल्पना आल्यावर परीक्षा नेमकी कोणाची हा प्रश्न कसा पालटला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

देहाच्या अनुकृतीची कल्पना भारतीय वाचकास अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माच्या सरावाची साधने सांगितली आहेत. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांसारख्या फळांवर करावा. भेदनाचा पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर. शिरावेधाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. सीवनाचा जाड वस्त्रावर व मऊ चामड्यावर. आणि पट्टबंधनाचा पूर्णाकृती पुतळ्यावर. सर्व शास्त्र शिकलेला परंतु असा सराव न केलेला शिष्य कर्मास अयोग्यच होय, असा त्या अध्यायाचा अभिप्राय आहे. यावरून आधुनिक अनुकृतिशिक्षणाचा उगम भारतात झाला असे मात्र म्हणता येत नाही. मधली साखळी दाखविता येत नाही, आणि ती न दाखविता अभिमान बाळगण्याची आपल्याकडील सवय संशोधनास उपकारक नाही. येथे महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या सरावात प्रत्येक कर्म सुटे केले आहे. एका फळावर एक कृती, एका पिशवीवर एक कृती. हाताला वळण लावणे एवढेच त्याचे प्रयोजन आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक दु कुद्रे या सुईणीने याच मार्गाने पुढचे पाऊल टाकले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला राज्यभर हिंडून प्रसूतिविद्या शिकविण्याचा अधिकार दिला. तिच्यासमवेत ‘यंत्र’ या नावाने ओळखला जाणारा एक पुतळा असे. कापड, चामडे व भराव यांपासून केलेल्या या स्त्रीदेहाच्या अधोभागातून बाहुलीरूप अर्भकाचा जन्म घडवून आणता येई. आडवे आलेले मूल कसे फिरवावे, हे खेडोपाडीच्या निरक्षर सुईणींना हाताने शिकता येई. तिच्या हाताखाली हजारो स्त्रिया तयार झाल्या. त्यांपैकी एक पुतळा रूआं येथील वैद्यकेतिहासाच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. दु कुद्रेच्या यंत्राची थोरवी अशी की, त्यात संकटाची अनुकृती होती. सरळ प्रसूती शिकविण्यास पुतळ्याची तितकीशी गरज नव्हती. अडलेली प्रसूती ही मात्र सुईणीच्या आयुष्यात क्वचित येणारी, आणि आली म्हणजे शिकण्यास अवधी न देणारी घटना होती. क्वचित घडणाऱ्या व प्राणावर बेतणाऱ्या प्रसंगाचा आधीच सराव करून ठेवणे, हे सुरक्षा-शिक्षणाचे बीज येथे स्पष्ट दिसते.

त्यानंतरचा दीर्घ काळ येथे ओलांडून जाण्यास हरकत नाही. १९६० मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील ओस्मुंड लेअर्दाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने कृत्रिम श्वसनाच्या सरावासाठी मऊ प्लास्टिकची पूर्णाकृती बाहुली सिद्ध केली. सेन नदीत बुडून मेलेली म्हणून ख्यात झालेल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून तिचा चेहरा घेतला होता. त्याच दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीफन अब्रॅहमसन व जडसन डेन्सन यांनी ‘सिम वन’ हा संगणकनियंत्रित पुतळा तयार केला. त्याची छाती श्वासाबरोबर हाले, पापण्या मिटत, बाहुल्या विस्फारत, आणि दिलेल्या औषधानुसार नाडी व रक्तदाब पालटत. तो आपल्या काळाच्या पुष्कळच पुढे होता. खर्चामुळे त्याची दुसरी प्रत निघाली नाही. वैद्यकीय अनुकृतीत संगणक शिरला तो अशा रीतीने पुतळ्याच्या पोटात. शिकणाऱ्या भूलतज्ज्ञाला तो दिसत नव्हता, व दिसावा अशी अपेक्षाही नव्हती. या तपशिलाचे महत्त्व पुढे कळून येईल.

अनुकृती आणि सुरक्षा या दोन कल्पनांची खरी सांगड भूलशास्त्रात पडली. १९७८ मध्ये जेफ्री कूपर या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी भूल देताना घडणाऱ्या टाळता येण्याजोग्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४७ मुलाखतींतून गोळा झालेल्या अशा ३५९ घटनांपैकी ८२ टक्क्यांत मानवी चूक होती. यंत्राचा उघड बिघाड अवघ्या १४ टक्क्यांत होता. हे आकडे नंतर असंख्य वेळा उद्धृत झाले, आणि बहुतेक वेळा त्यांचा अर्थ ‘दोष माणसाचा’ असा लावला गेला. कूपरला तसे म्हणावयाचे नव्हते. घाई, लक्षविचलन, एकमेकांना नीट न सांगणे, सारख्या दिसणाऱ्या पिचकाऱ्या, नकळत फिरणाऱ्या कळा, अशा परिस्थितीत माणूस चुकतो, हे त्याने दाखविले होते. ‘उघड बिघाड’ या शब्दांतील ‘उघड’ हे विशेषण वाचकांनी वगळले. यंत्र बिघडलेले नसताही चुकीस आमंत्रण देणारे असू शकते, ही गोष्ट त्या एका विशेषणात दडली होती.

एक वर्ष आधी, १९७७ च्या मार्चमध्ये, टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन प्रचंड विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली होती. कुशल वैमानिक असताही हे घडले. सहकाऱ्यांच्या शंका वरिष्ठांपर्यंत परिणामकारकपणे पोहोचल्या नाहीत. या व अशा इतर अपघातांनंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना केवळ उड्डाणाचे नव्हे, तर संकटकाळी गटाने वागण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी हाच धडा शस्त्रक्रियागृहात आणला. १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुतळा, भूलयंत्र व देखरेखीची खरी उपकरणे एकत्र मांडून शस्त्रक्रियागृहाची अनुकृती उभी केली. १९९० मध्ये संकटव्यवस्थापनाचा पहिला अभ्यासक्रम चालविला. प्रसंग संपल्यावर चित्रफीत पाहून सर्वांनी मिळून केलेली चर्चा, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज वर्तविणारा अहवाल काढला, तेव्हा अनुकृतिशिक्षणाची शिफारस त्यात होती. त्याच अहवालाने औषधादेश संगणकावरून देण्याच्या पद्धतीचाही जोरदार पुरस्कार केला. दोन उपाय शेजारीशेजारी सांगितले गेले. परंतु दुसऱ्या उपायाची तालीम पहिल्याच्या साहाय्याने करावी, हे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

यामागे एक कारण असे संभवते. गाबांच्या पद्धतीचा काळ मिनिटांचा आहे. हृदय थांबते, नळी निसटते, रक्तदाब कोसळतो. जे व्हायचे ते डोळ्यांसमोर होते. संगणकीय नोंदीतील चुकीचा काळ निराळा आहे. ती दुपारी एका खोलीत घडते, सायंकाळी दुसऱ्या खोलीतून पुढे सरकते, आणि रात्री तिसऱ्याच माणसाच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचते. तिच्यात धावपळ नसते व आरडाओरडही नसते. पुतळ्याभोवती रचलेल्या नाट्यास ती विषय म्हणून सुचणे कठीण होते.

वास्तविक इशारा फार पूर्वीच मिळालेला होता. कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५ हे किरणोपचाराचे संगणकनियंत्रित यंत्र १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर अतिमात्रा देऊन गेले. त्यांपैकी दोन घटना टेक्सासमधील टायलर येथे १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत घडल्या. ते दोन्ही रुग्ण पुढे मरण पावले. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरे उमटत. पहिल्या घटनेनंतर निर्मात्याकडून आलेल्या अभियंत्यांना ती अक्षरे पुन्हा उमटविता आली नाहीत. दुसऱ्या घटनेनंतर तेथील भौतिकतज्ज्ञाने, यंत्र चालविणाऱ्या स्त्रीला शेजारी बसवून, तिने त्या दिवशी केलेली कृती पुनःपुन्हा करविली. क्ष-किरणांचे अक्षर चुकून दाबले जाणे, ध्यानात येताच मागे जाऊन ते दुरुस्त करणे, आणि झरझर पुढे येणे, एवढीच ती कृती होती. अखेर उलगडा झाला तो असा की, ही दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत पुरी झाली, तरच यंत्राच्या आज्ञावलीतील दोष प्रकट होई. सावकाश चालणाऱ्या हाताला तो कधीच सापडला नसता. रोजच्या सरावाने जलद झालेला हातच त्याला जागा करीत होता. येथे कुशलता हाच अपघाताचा मार्ग ठरला, आणि त्या कृतीची हुबेहूब तालीम हाच शोधाचा मार्ग ठरला. या घटनेचा अभ्यास पुढे संगणकशास्त्राच्या वर्गांत आवर्जून होऊ लागला. वैद्यकाच्या वर्गांत तो त्या मानाने फार थोडा झाला.

२००५ मध्ये पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा हा विषय डॉक्टरांना टाळता येईनासा झाला. तेथे संगणकावरून औषधादेश देण्याची पद्धती सहा दिवसांत सर्व रुग्णालयात लागू करण्यात आली होती. इतर रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण तत्पूर्वी २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. लेखकांनी सांगितलेली कारणे साधी होती. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधे मागवून ठेवता येत. आता मूल दाखल होऊन त्याची नोंद झाल्याखेरीज आदेश देता येईना. पूर्वी डॉक्टर व परिचारिका दोघेही शय्येपाशी असत; आता एकजण पडद्यापुढे अडकला. या निष्कर्षावर आक्षेप पुष्कळ आले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. सिएटल येथील बालरुग्णालयात तीच विक्रेय प्रणाली बसविल्यावर अशी वाढ दिसली नाही, आणि २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयाने तर मृत्युप्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे नोंदविले. परंतु या मतभेदातूनच एक गोष्ट सिद्ध होते. प्रणाली एकच असता परिणाम जर इतके भिन्न होत असतील, तर ती कशी बसविली, कोणत्या कामाच्या क्रमात बसविली, आणि गंभीर आजारी मूल दारात असताना ती कशी चालेल हे आधी कोणी करून पाहिले होते काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात. पिट्सबर्गमधील डॉक्टरांना कळा कोणत्या दाबाव्यात हे शिकविले गेले होते. दारात आलेले मूल त्या शिक्षणात नव्हते.

२००९ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने संगणकीय रुग्णनोंदीसाठी प्रचंड अनुदान उपलब्ध करून दिले. २००८ मध्ये तेथील ९.४ टक्के रुग्णालयांत मूलभूत स्वरूपाची अशी नोंद होती. २०१५ मध्ये हे प्रमाण ८३.८ टक्क्यांवर गेले. इतक्या अल्पावधीत एवढ्या मोठ्या व्यवसायाने आपले मुख्य हत्यार बदलल्याची उदाहरणे थोडी सापडतील. त्याच वेगाच्या काळात, २०१३ च्या जुलै महिन्यात, सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात एक घटना घडली. रॉबर्ट वॉक्टर या तेथीलच प्राध्यापकाने ‘द डिजिटल डॉक्टर’ या २०१५ मधील ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले असून, संस्थेने ते होऊ दिले ही गोष्ट तिला भूषणावह आहे.

सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. घरी तो सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी दिवसातून दोनदा घेत असे. त्या गोळीतील मुख्य घटक १६० मिलिग्रॅम होता. मुलाचे वजन ३८.६ किलो होते, आणि रुग्णालयाच्या नियमानुसार ४० किलोखालील मुलास मात्रा वजनाच्या प्रमाणात लिहावी लागे. प्रमाणाने काढलेली मात्रा १९३ मिलिग्रॅम आली. तशी गोळी नव्हती. औषधनिर्मात्याने निवासी डॉक्टरला मात्रा नीट करून पाठविण्यास कळविले. तिने १६० हा आकडा घातला. पडद्यावरील एकक मात्र ‘मिलिग्रॅम’ नसून ‘दर किलोस मिलिग्रॅम’ होते. संगणकाने चोख गुणाकार केला. एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या. अतिमात्रेचा इशारा डॉक्टरला आला व औषधनिर्मात्यालाही आला. दिवसभर निरर्थक इशारे येत असल्याने दोघांनीही तो बाजूस सारला. स्वयंचलित यंत्राने गोळ्यांची पाकिटे भरली. परिचारिकेला संख्येचे नवल वाटले. पण तिने संकेतपट्टी वाचून पाहिली, तर संगणकाने मात्रा बरोबर असल्याची ग्वाही दिली. मुलाने गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला तीव्र झटका आला व श्वास थांबला. सुदैवाने तो वाचला.

झटका आल्यावर धावून आलेल्या पथकाचा पुतळ्यावरील सराव अशा वेळी कामास येतो, यात शंका नाही. परंतु अपघात त्या खोलीत घडलेला नव्हता. तो काही तास आधी, एकमेकांना न दिसणाऱ्या माणसांच्या पडद्यांवर घडला होता, आणि तेथे कोणाचीच तालीम झालेली नव्हती. परिचारिकेच्या मनात आलेली शंका ही टेनेरिफच्या वैमानिककक्षातील शंकेसारखीच होती. फरक इतकाच की, तिला गप्प करणारा वरिष्ठ अधिकारी माणूस नव्हता.

याच वर्षी ओरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठातील एका गटाने एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. अनुकृतीच्या इतिहासात तो नवा टप्पा मानावयास हवा. त्यांनी पुतळा वापरलाच नाही. रुग्णालयाच्या संगणकीय नोंदपद्धतीतच त्यांनी एक काल्पनिक रुग्ण निर्माण केला. अतिदक्षता विभागातील त्याचे पाच दिवस, तासातासाची निरीक्षणे, प्रयोगशाळेचे अहवाल, श्वसनयंत्राची मापे, औषधे, टिपणे हे सर्व त्यात भरले, आणि त्यांत १४ प्रश्न पेरून ठेवले. ३८ प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना ही नोंद वाचण्यास प्रत्येकी १० मिनिटे देण्यात आली. मग त्यांनी वरिष्ठांपुढे रुग्णाची हकीकत सांगून उपाय सुचवावयाचे होते. सरासरीने ४१ टक्के प्रश्न ओळखले गेले. अनुभवाबरोबर ही क्षमता थोडी वाढली. तथापि सर्वांत अनुभवी गटालाही निम्मेच प्रश्न सापडले. रुग्णास दिलेले गुंगीचे औषध अधिक झाले आहे, हे केवळ १६ टक्क्यांच्या ध्यानात आले. प्रतिजैविकाची चुकीची मात्रा ३२ टक्क्यांच्या. साखरेचे बिघडलेले प्रमाण ६८ टक्क्यांना दिसले.

गुंगी जादा झाल्यास काय करावे हे या डॉक्टरांना ठाऊक नव्हते, असे मानण्यास आधार नाही. शय्येवरचा गुंगलेला रुग्ण त्यांनी सहज ओळखला असता. प्रयोगातील सर्वांत बोलका निष्कर्ष असा की, ज्याने अधिक पडदे उघडून पाहिले त्याला अधिक प्रश्न सापडले. माहिती होती, ती विखुरलेली होती. दु कुद्रेच्या यंत्रात देह होता व नोंद नव्हती. ओरेगनच्या रुग्णात केवळ नोंद होती आणि देह नव्हता, आणि या देहहीन रुग्णाची तपासणी करण्याचे शिक्षण कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने त्या डॉक्टरांना पद्धतशीर दिलेले नसावे. सराव व तत्काळ चर्चा यांनी त्यात सुधारणा होते, हे त्याच गटाने पुढील वर्षी दाखविले.

येथे परीक्षेची दिशा पालटते. अडतीस सुशिक्षित माणसांपैकी बहुतेकांना एकच गोष्ट दिसत नसेल, तर ती जेथे लिहिली आहे ती जागा चुकीची असण्याचा संभव अधिक. म्हणजे अनुकृती ही आता केवळ शिष्याची परीक्षा राहिली नाही. ती पडद्याचीही परीक्षा झाली. परंतु पडद्याचा दोष जाहीरपणे दाखविण्याच्या वाटेत एक अडथळा होता. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालाने नमूद केले की, विक्रेत्यांच्या करारांत दोष उघड करण्यास प्रतिबंध करणारी व दायित्व ग्राहकावर ढकलणारी कलमे आढळतात. ज्या चित्रावरून डॉक्टर चुकला ते चित्रच शिक्षणासाठी छापता येऊ नये, ही स्थिती विद्याक्षेत्रास लाजिरवाणी होती. २०१६ च्या कायद्याने व त्याखालील २०२० च्या नियमांनी सुरक्षेसंबंधी अशी मुस्कटदाबी निषिद्ध ठरविली. टायलरच्या भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालविणाऱ्या स्त्रीवर ठपका न ठेवता तिच्याकडून कृती करवून घेतली, त्यास तोवर तीस वर्षे होऊन गेली होती.

पडद्याची परीक्षा घेण्याची एक पद्धती अमेरिकेत मात्र त्याआधीच रुजली होती. लीपफ्रॉग या संस्थेच्या चाचणीत रुग्णालयास काल्पनिक रुग्ण दिले जातात; तेथील कर्मचारी ते आपल्याच संगणकात भरतात, त्यांच्यासाठी जाणूनबुजून घातक औषधादेश लिहितात, आणि संगणक हरकत घेतो की नाही हे पाहतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२ रुग्णालयांच्या अभ्यासात, प्रत्यक्षात प्राण घेतले असते अशा आदेशांपैकी केवळ ५३ टक्के अडविले गेले. २०२० मध्ये दहा वर्षांचा आढावा निघाला. सरासरी गुण २००९ मधील ५३.९ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६५.६ टक्क्यांवर आले होते. उरलेल्या आदेशांबाबत संगणकाने काहीच म्हटले नाही. ते तसेच औषधालयाकडे गेले असते, आणि तेथून परिचारिकेकडे.